शेवटच्या व्हायपरवरची रेघ

साखर ढवळून झाली होती, तरी चमचा वाजतच होता. अर्नेस्टीन टॉलिव्हरनं कपाकडे पाहिलं, मग चमच्याकडे, आणि मग नाइलाजानं आपल्या उजव्या हाताकडे. हात तिचाच होता. बोटं तीच, अंगठ्यावरचा टेपनं पडलेला घट्टा तोच. पण तो असा काही हलत होता, की जणू दुसऱ्याच कुणाचा आणून तिच्या मनगटाला लावलाय. तिनं झटकन चमचा सोडला. उशीर झाला होता. ओट्याशी पाठ करून उभी असलेली लव्होन वळली होती, आणि लव्होन एकदा वळली की संपलंच. थोरली बहीण, त्यात हॉस्पिटलात उभा जन्म आजाऱ्यांच्या उशाशी काढलेला. तिच्यापासून ताप लपत नाही, की हृदयातली धडधड लपत नाही.

"कधीपासून?" लव्होन म्हणाली.

"काय कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नकोस, अर्नी. हात कधीपासून हलतोय?"

"हिवाळ्यापासून. रोज नाही हलत. झोप झाली नाही की हलतो."

"आणि डॉक्टर?"

"गाडी जाऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. आज माझ्या मागे लागू नकोस, लव्होन. आज नको."

कुठली गाडी, हे लव्होननं विचारलं नाही. या घरात गाडी म्हणजे एकच. अंगणात उभ्या असलेल्या त्या जुन्या खटाऱ्याला कुणी गाडी म्हणत नव्हतं. गाडी म्हणजे व्हायपर. लांबच लांब नाकाची, दहा सिलिंडरची, दार उघडून उतरताना सांभाळलं नाही तर पोटरी भाजवणारी, पावसात भरवसा न देणारी, लाड न करणारी आणि लाड करून न घेणारी. यंत्रमानवांनी जुळवलेली नाही, माणसांनी हातानं जुळवलेली. तिचा हा शेवटचा अवतार होता आणि तोही आता संपत आला होता. कॉनर अव्हेन्यूवरचा कारखाना या उन्हाळ्याबरोबर बंद होणार, हे साऱ्या डेट्रॉइटला ठाऊक होतं. एखाददुसरी बिनपट्ट्याची गाडी अजून जाईल. पण नाकापासून शेपटीपर्यंत दोन पट्टे असलेली शेवटची गाडी आज अर्नेस्टीनच्या समोर येणार होती. व्हायपरवरचे पट्टे अर्नेस्टीनचे. शहराच्या उत्तरेला जिथं या गाड्यांची अंगं रंगवली जातात, तिथं प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना, रंग बाहेर जाऊ नये म्हणून, टेप ओढायचा मान तिचा होता आणि तो तिनं कुणाला दिला नव्हता. आज हा हात थांबला, तर शेवटच्या गाडीवर तिची रेघ. नाही थांबला, तर दुसऱ्याची, किंवा वाकडी. याहून दुसरं काही तिच्या डोक्यात कालपासून नव्हतं.

लव्होननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. हे रोजचंच होतं. कामाला निघताना दोघी ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि लव्होन देवाशी चार शब्द बोलायची, अगदी शेजारणीशी बोलावं तशी, तक्रारीच्या सुरात. आज तिनं डावा हात सोडून दिला आणि उजवा दोन्ही तळहातांत धरून चोळत राहिली. "हे बघ देवा, हिला तू लेकरू दिलं नाहीस, नवरा दिलास तो लवकर नेलास, मी तुला काही बोलले नाही. आता हा एक हात आहे. तेवढा आजचा दिवस नीट ठेव. बस्स." तिचे तळवे गरम होते, मऊ होते. अर्नेस्टीनला वाटलं, हात शांत होतोय. खरंच शांत झाला. तिनं डोळे उघडले आणि घाईघाईनं किल्ल्या उचलल्या. हात पुन्हा हलायच्या आत तिला घराबाहेर पडायचं होतं.

पंचाहत्तर नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला जाताना तिनं उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्यानं खटारा चालवला. शहराची हद्द असलेला, आठ मैल नावाचा रस्ता मागे पडला. सकाळच्याच उन्हानं डांबर तापायला लागलं होतं. या हाताच्या जिवावर मी किती मिजास केली, तिला वाटलं. आणि का करू नये? बापाचा हात होता तो. बाप अलाबामाहून आला तो थेट मोठ्या कारखान्याच्या रंगखोलीत शिरला. नाकावर फडकं बांधून दिवसभर फवारा मारायचा आणि संध्याकाळी घरी आला, की त्या दिवशी जो रंग असेल तो त्याच्या भुवयांवर असायचा. पोरी त्याला विचारायच्या, आज कुठला? तो म्हणायचा, ओळखा. हिरवट असेल तर शेंबडी गाडी म्हणून दोघी खिदळायच्या. पण त्या गाड्यांवर त्याचं नाव नव्हतं, हातही नव्हता. दिवसाला शेकड्यांनी समोरून जायच्या, त्यातली आपली कुठली ते त्याला कसं कळणार? एकदा रविवारी चर्चमधून येताना अर्नेस्टीननं रस्त्यावरच्या एका गाडीकडे बोट दाखवून विचारलं होतं, ही तुमची का हो? तो थांबला, टोपी मागे सारली, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, असेलही बाई. त्या "असेलही"चं तिला त्या वयातसुद्धा वाईट वाटलं होतं. तिला "असेलही" नको होतं. तिला "हो" पाहिजे होतं. ते तिला या पट्ट्यांनी दिलं. वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टात गाड्यांची जत्रा भरते, तेव्हा ती आणि लव्होन घडीच्या खुर्च्या टाकून पदपथावर बसायच्या, मांडीवर डबा, पायाशी लाल सरबताच्या बाटल्या. समोरून सगळ्या जगाच्या गाड्या जायच्या. आणि एखाद्या वर्षी मधूनच तो आवाज यायचा, कानाला गोड न लागणारा, मालवाहू ट्रकासारखा खरखरीत, आणि अर्नेस्टीन खुर्चीतून उठून भर गर्दीत ओरडायची, "माझी! ती माझी!" लोक हसायचे. एका टक्कलवाल्यानं विचारलं होतं, "विकत घेतलीत का बाई?" ती म्हणाली, "विकत कोणीही घेईल हो. मी केलीय."

कामावर दाराशीच हात धुवायच्या तोट्यांची रांग होती. तिथं रोज सकाळी सगळी मंडळी वाळूसारखा खरबरीत साबण चोळत, एकमेकांची टर उडवत उभी असायची. फवाऱ्याची माणसं, घासणारी, चकाकी आणणारी. हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही, हा इथला धर्म. रंगाच्या जागी काम करणाऱ्यानं केसाला तेल लावायचं नाही, काखेत सुगंधी काही मारायचं नाही, हाताला मलम तर नावालाही नाही. कितीही थोडं लागलं तरी रंग तिथं बसत नाही, मागे सरकतो आणि वाटोळे खड्डे पडतात. त्यांना इथं माशाचे डोळे म्हणायचे. अर्नेस्टीनचे हात तर या बाबतीत गाजलेले. हिवाळ्यात त्यांना भेगा पडायच्या, रक्त यायचं, पण तिनं कधी त्यांना काही लावलं नाही. घरी भांडी घासायलाही ती रबरी मोजे घालायची. आज मात्र तोट्यांपाशी जत्राच होती. पट्ट्यांच्या गाडीचा शेवटचा दिवस म्हणून दुसऱ्या पाळीतलेही आले होते. ओल्या हातांनी एकमेकांच्या पाठी थोपटत होते. तिथं जाऊन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाण्याच्या धारेखाली तो हात धरायचा? छे. तिनं दारातूनच डावा हात वर करून सगळ्यांना हाक दिली, बाजूच्या खोलीत शिरली आणि खोक्यातले पातळ मोजे ओढून दोन्ही हातांत चढवले. मोज्यात हात लपला. तिला केवढं हायसं वाटलं.

आत गाडी उभी होती. गाडी म्हणजे अजून नुसतं अंग, सांगाड्यावर चढवलेलं: एका तुकड्याचं ते अवाढव्य नाक, छप्पर, मागचं झाकण. रंग काळसर निळा. त्यावर सायीच्या रंगाचे दोन पट्टे यायचे होते. वरच्या दिव्यांखाली निळ्याच्या खोलात काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. अर्नेस्टीन थबकली. इतक्या गाड्या पाहिल्या, पण दर वेळी हे व्हायचंच, छातीत कुणीतरी हळूच मूठ उघडावी तसं. भोवती माणसं जमायला लागली. रे बॉफर्ड, या मजल्याचा मुकादम, हाताची घडी घालून खांबाला टेकला होता. सकाळपासून तो कुणाशी नीट बोललाच नव्हता म्हणे. आणि गस झेलिन्स्की टेपचं भेंडोळं बोटाभोवती फिरवत उभा होता, अकरा वर्षांचा तिचा जोडीदार. ती टेप ओढायची, तो भेंडोळं धरून मागून ताण ठेवायचा आणि दाबत यायचा. बाकीचे सगळे तिला मिस अर्नी म्हणायचे, अदबीनं बोलायचे. गस तेवढा अरेतुरेत.

"आल्या राणीसरकार," गस म्हणाला. "मला वाटलं पळून गेलीस. आईनं तुझ्यासाठी डोनट दिलेत. काम झाल्यावर. आधी खाल्लेस तर हात चिकट होतील आणि नाव माझं होईल."

"तुझ्या आईला म्हणावं, जरा अक्कलही करून पाठव त्यासोबत."

सगळे हसले. हसणं नेहमीपेक्षा जास्त मोठं होतं, सगळ्यांनाच हसायला निमित्त हवं होतं.

मग रे बॉफर्ड म्हणाला, "मिस अर्नी, तुमचा हात फिरू द्या."

सगळे मागे सरकले. ही पद्धत इथलीच आणि तिनंच पाडलेली. टेप लावायच्या आधी ती उजव्या हातातला मोजा काढायची आणि उघडा तळहात गाडीच्या अंगावरून फिरवायची, नाकाच्या टोकापासून मागच्या झाकणापर्यंत. डोळ्याला न दिसणारा कण तळहाताला लागतो. नियमानं उघडा हात कुणी लावायचा नाही. तिला मुभा होती, कारण तिचा हात कोरडा, सुकलेल्या लाकडासारखा. तिनं मोजा काढला. हात गाडीवर टेकवला आणि नवल म्हणजे टेकवताच तो शांत झाला. तिनं डोळे मिटले. नाकाचा उतार, मग हवा खेचणाऱ्या भोकांच्या कडा, मग काचेच्या जागेपाशी चढत जाणारी कमान. हे सगळं तिला आपल्या नवऱ्याच्या पाठीसारखं पाठ होतं. क्लाइडच्या पाठीवरही ती अशीच हात फिरवायची, रात्रपाळीहून तो पालथा पडलेला असताना, आणि तो झोपेतच म्हणायचा, कुठं खरखरीत लागतंय का, अर्नी? घासून काढशील. तो गेला त्या वर्षीही ती सातव्या दिवशी कामावर आली होती. लोक म्हणाले, दगड आहे. दगड नव्हती. घरी हात फिरवायला काही उरलं नव्हतं, इथं होतं. छप्पर झालं. मागचं झाकण झालं. एकही कण नाही. तिनं डोळे उघडले, सगळ्यांकडे बघून मान डोलावली आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. आपल्या डोळ्यांत पाणी येतंय हे लक्षात येऊन तिनं मनगटानं गाल पुसला.

आणि तिला वास आला.

गोडसर, दाट, उबदार वास. कोकोच्या लोण्याचा. लव्होनच्या खिडकीतल्या मलमाच्या बाटलीचा. रोज प्रार्थनेआधी लव्होन हात खसाखसा धुवायची, कारण तिला इथला धर्म माहीत होता. आज कपातला चमचा वाजला, आणि ती धुवायला विसरली. दोन्ही तळव्यांत धरून, देवाशी भांडत, चोळचोळ चोळला होता तो हात. आणि आपण? आपण तोटीवर गेलोच नाही. मोज्यात तो मलमासकट घामेजत ठेवला. आणि आता तोच हात, सगळ्यांच्या साक्षीनं, नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत फिरवून आलो. जिथं पट्टे यायचे, नेमका तिथून.

तिनं वाकून पाहिलं. दिव्यांखाली गाडीचं अंग तसंच निळं चमकत होतं, काही दिसत नव्हतं. दिसणार नव्हतंच. टेप बसेल, सायीचा रंग बसेल आणि मग त्यात डोळे उघडतील, एक, दोन, चाळीस, सगळे तिच्याकडे बघत. गस भेंडोळ्याचं टोक सोडवत होता. "चल, अर्नी." तिचं मन इकडेतिकडे धावायला लागलं. म्हणावं, एक केस लागला हाताला, पुन्हा पुसून घ्या. माझं कोण ऐकणार नाही? पुसतील. एखादं फडकं फिरवतील, कारण त्यांना वाटेल केसच आहे, आणि ते फडकं मलम उचलायचं सोडून सगळीकडे पसरवेल. नीट धुवायचं तर कारण सांगायला हवं. मलम लागलंय म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: मिस अर्नी, तुम्ही हात धुतले नाहीत? तुम्ही? आणि त्याच्या पुढचा प्रश्न तो हात. जन्मभर ज्या हाताची फुशारकी मारली तो आता सगळ्यांसमोर उघडा करायचा, तोही आज, या गाडीपाशी. गप्प राहिले तर? तर पुढच्या वर्षी वुडवर्डवर कुणीतरी ही गाडी घेऊन येईल आणि मी खुर्चीत खिळून राहीन. ओरडता येणार नाही. बापासारखी म्हणेन, असेलही. नाही! हे मात्र होणार नाही. जीव गेला तरी होणार नाही.

"थांब," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "टेप लावू नको. कुणीही गाडीला हात लावू नका. माझ्या हाताला मलम आहे."

कुणालाच कळेना. कुणीतरी हसलंसुद्धा, थट्टा समजून.

"मी हात धुतले नाहीत सकाळी," ती म्हणाली. "तोट्यांवर आलेच नाही. बहिणीच्या हाताचं मलम माझ्या हाताला लागलं आणि ते मी या सगळ्यावर फिरवलंय. नाकापासून मागपर्यंत. सबंध." आणि मग तो हात खाली घालायच्या ऐवजी तिनं पुढे धरला. तो हलत होता. आता तर सगळा धरबंद सुटल्यासारखा हलत होता. "हे बघा. हिवाळ्यापासून आहे. तुम्ही बघू नये म्हणून मी तोटीवर आले नाही. आता बघा एकदाचं."

रे बॉफर्डचं तोंड उघडं राहिलं. घासणाऱ्या बायकांपैकी एकीनं नकळत स्वतःचाच हात छातीशी धरला. अर्नेस्टीन ताठ उभी राहिली, हनुवटी वर करून, कारण हनुवटी खाली गेली असती तर सगळीच खाली गेली असती. लाज वाटत होती, भयंकर लाज. पण त्या लाजेच्या खाली काहीतरी घट्टही होतं आणि पाय त्यावर टेकत होते.

गस तिच्याजवळ आला. "मला माहीत होतं," तो हलकेच म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"हाताचं. अगं, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असतं, अर्नी. गेल्या हिवाळ्यात त्या पिवळ्या गाडीला पहिल्यांदा जाणवलं. मासा गळाला लागावा तशी टेप थरथरली. मी ताण जरा वाढवला. मग रोजच वाढवत गेलो."

हे तिला मलमापेक्षाही लागलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्या लाल नाकाच्या, ढेरपोट्या, वाह्यात माणसाकडे, जो गेली अकरा वर्षं तिच्या मागून चालत होता. "म्हणजे पिवळीपासून पुढच्या रेघा माझ्या नाहीतच?"

"वेडी आहेस का? मी ताण धरायचो. रेघ जायची कुठं, ते मला आजही कळत नाही. मला नुसती समोरची वीतभर टेप दिसते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू सांगितलंस मला?"

तेवढ्यात रे बॉफर्डनं खांब सोडला आणि बाह्या वर केल्या. सकाळपासून मिटलेलं त्याचं तोंड आता सुटलं. "बघत काय बसलात? मयताला आलात का? धुवायचं आणा! नवीन फडकी आणा, सगळी! एक फडकं, एकदाच फिरवायचं, एकाच दिशेनं, आणि टाकून द्यायचं. कुणी दुसऱ्यांदा तेच वापरलं तर मी त्याला त्याच फडक्यात गुंडाळून घरी पाठवीन." आणि मग अर्नेस्टीनकडे वळून, आवाज खाली आणून, "मिस अर्नी, तुम्ही हात धुऊन या. सावकाश धुवा. गाडी कुठं जात नाही."

ती तोट्यांपाशी एकटी उभी राहिली. खरबरीत साबण, गरम पाणी, पुन्हा साबण. पाण्याच्या धारेत हात हलत होता आणि तिनं त्याला हलू दिलं. आतून आवाज येत होते: "कडेनं ये, कडेनं!" "टाक ते, टाक!" "अरे बाबा, ओढू नको, उचल!" परत आली तेव्हा सगळा मजला गाडीला लागला होता. फवारेवाले, चकाकीवाल्या, दुसऱ्या पाळीतली मंडळीही, ज्यांचा आज पगार लागत नव्हता. पायाशी पांढऱ्या फडक्यांचा ढीग. कुणी तिची नजर टाळत नव्हतं की तिच्याकडे दयेनं बघत नव्हतं. एक बाई वाटेत आली म्हणून "सरका की मिस अर्नी" असं चक्क खेकसली, आणि ते ऐकून तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. तीनदा धुतलं. मग रेनं स्वतः, पट्टा यायचा तिथं, फवाऱ्याची अगदी बारीक फुंकर मारली. सगळे श्वास धरून वाकले. रंग पसरला, गप्प बसला. डोळा उघडला नाही. दुसरीकडे, तिसरीकडे, नाही उघडला. "चला," रे म्हणाला आणि मोठ्यानं नाक ओढलं.

गसनं टेपचं टोक तिच्यापुढे केलं.

तिनं ते घेतलं. अंगठ्याच्या घट्ट्यात ते नेहमीसारखं बसलं. नाकाच्या टोकाशी उभी राहून तिनं समोर पाहिलं आणि हात गाडीजवळ नेला. हात थांबला नाही. सकाळी टेकवल्यावर थांबला होता, आता नाही थांबला. तिनं वाट पाहिली. सगळ्यांनी वाट पाहिली. तिला वाटलं, ओढू का तशीच? मागे गस आहे, तो ताण धरील, जमूनही जाईल. सगळे टाळ्या वाजवतील. जमेलही. असेलही. त्या शब्दाशी तिचं मन येऊन थांबलं आणि तिथून ते पुढे जाईना.

"गस," ती म्हणाली, "इकडे ये. तू ओढ."

"मी? चल, काहीतरीच काय!"

"ये म्हणते ना."

"अर्नी, मला दिसत नाही ते, सांगितलं ना आत्ताच. मी वाकडी नेईन. शेवटची गाडी आहे, लोक मला आमच्या हॅमट्रॅमकच्या वस्तीत राहू देणार नाहीत."

"दिसत नाही, कारण तू टेपकडे बघतोस." तिनं टोक त्याच्या जाड बोटांत दिलं. "टेपकडे बघायचंच नाही. मी पलीकडे उभी राहते. माझ्याकडे बघ. बोटांना त्यांचं कळतं, तू फक्त माझ्याकडे बघत ये." मग ती गाडीच्या मागे गेली, झाकणाच्या कडेला जिथं रेघ संपायची तिथं उभी राहिली आणि उजव्या हाताचं बोट तिथं ठेवलं. बोट हलत होतं. "बोटाकडे नको," ती म्हणाली, "ते नाचतंय. माझ्या नाकाकडे बघ." सगळे खो खो हसले, गसही हसला आणि त्या हसण्यात त्याचे खांदे खाली आले. तिला तेच पाहिजे होतं.

त्यानं ओढली. मागून रे बॉफर्ड भेंडोळं धरून चालला, आयुष्यात कधी धरलं नव्हतं ते. नाक, काचेची जागा, छप्पर, झाकण. रेघ येऊन तिच्या बोटापाशी टेकली आणि टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. गस घामानं निथळत होता, तोंडभर हसत होता. अर्नेस्टीन खाली वाकली. हनुवटी झाकणाच्या कडेला लावून, एक डोळा मिटून तिनं पाहिलं. फार छान होती. कुणालाही चालली असती. छपराच्या मध्यावर केसभर डावीकडे गेली होती.

टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

"काढ ती," ती म्हणाली.

"अर्नी! अगं सगळे बघतायत."

"म्हणूनच काढ. छपरावर तू त्या डोनटच्या खोक्याकडे बघितलंस."

गसनं तोंड वासलं, रेकडे पाहिलं. रेनं खांदे उडवले. मग गस आपल्या पोलिश भाषेत काहीतरी सणसणीत पुटपुटला आणि सर्रकन टेप उपटून काढली. कुणी कुरकुरलं नाही. उलट लोक जरा जवळ सरकले. तो पुन्हा नाकाच्या टोकाशी गेला, शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं, टोक टेकवलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. आणि निघाला. या खेपेला त्याची नजर तिच्यावरून हलली नाही. आजवर तिच्या सगळ्या रेघा तिच्यापासून लांब गेल्या होत्या, ओढायच्या आणि जाऊ द्यायच्या, कारखान्याला, रस्त्याला, परक्या माणसांच्या गॅरेजला. ही पहिलीच रेघ तिच्याकडे येत होती. निळ्यावरून सरळ, न डगमगता, छपरावर चढून, छपरावरून उतरून, थेट तिच्याकडे. तिनं हात लपवला नाही, दाबला नाही. आपला ऊर भरून आलाय, आणि ते सगळ्यांना दिसतंय, आणि दिसू दे, असं तिला वाटलं.

रेघ येऊन टेकली. गसनं टेप तोडली आणि धापा टाकत तसाच वाकून उभा राहिला. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. ती वाकली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिली, लागतो त्याहून जास्त वेळ, कारण तिला ती रेघ सोडवेना.

"ही माझी," ती म्हणाली. मग गसकडे बघून म्हणाली, "आपली." आणि मग कंबर सरळ करून, दुसऱ्या कडेच्या जागेपाशी जाऊन उभी राहत म्हणाली, "चल, अजून तीन कडा राहिल्यात."